कोल्हापूर-मुंबई : अंतर ३०९ किलोमीटर, वेळ किती?

गडमुडशिंगी (जि. कोल्हापूर) - उजळाईवाडीच्या विमानतळावरून उडालेले विमान गडमुडशिंगीकरांना घरबसल्या दिसते. ते मुंबईस किती वेळात पोचते, या प्रश्नाचे उत्तर मात्र विचारणाऱ्यागणिक बदलते.

दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेऊन हिशेब केला, तर सरळ हवाई अंतर सुमारे ३०९ किलोमीटर भरते. पुणेमार्गे रस्ता सुमारे ३८० किलोमीटरचा आहे. रेल्वेचे अंतर तर ५१८ किलोमीटर. कारण गाडी पुणे, सातारा, सांगली करीत मिरजेपर्यंत खाली उतरते आणि तेथून पुन्हा पश्चिमेकडे वळून कोल्हापूर गाठते. महालक्ष्मी एक्स्प्रेसची अवघी रात्र, सुमारे अकरा तास, त्यात सरते.

एटीआर जातीचे पंख्याचे विमान ताशी ५०० किलोमीटर वेगाने जाते. त्या हिशेबाने ३०९ किलोमीटरला ३७ मिनिटे पुरावीत. प्रत्यक्षात वेळापत्रकात तासाभराचा अवधी धरलेला असतो. विमान जागेवरून हलल्यापासून ते मुंबईत थांब्यावर उभे राहीपर्यंतचा हा काळ असतो. कोल्हापूरची धावपट्टी साधारणतः पूर्व-पश्चिम, तर मुंबई वायव्येला. तेव्हा उड्डाणानंतर वळण घेणे आलेच. चढताना आणि उतरताना वेगही कमी असतो. त्यातच मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका वेळी बहुधा एकच वापरता येते आणि विमानांना आकाशातच रांग लावावी लागते.

प्रवाशाचा हिशेब याहून वेगळा. शहरापासून नऊ किलोमीटरवरील विमानतळ गाठणे, तासभर आधी हजर राहणे, सामान मिळण्याची वाट पाहणे आणि सांताक्रूझहून फोर्टपर्यंतची वाहतूक कोंडी हे सारे धरले, तर दारापासून दारापर्यंत चार-साडेचार तास जातात. मोटारीला सात-आठ तास लागतात. म्हणजे वेळ निम्म्याने वाचतो. जाहिरातीतून भासतो तेवढा नव्हे.

मोठे जेट विमान आले तर? गडमुडशिंगीचा संबंध येथे येतो. मूळची १३७० मीटरची धावपट्टी २३०० मीटरपर्यंत नेण्याच्या योजनेसाठी या गावची ६४ एकर जमीन लागणार असल्याचे ठरले. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेत, विशेषतः उन्हाळ्याच्या दुपारी, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला अधिक धाव घ्यावी लागते. आखूड धावपट्टीवर मग प्रवासी किंवा इंधन कमी करणे भाग पडते.

जेटचा वेग ताशी ८०० किलोमीटर असला, तरी एवढ्या थोड्या अंतरात तो पुरता गाठेपर्यंत उतरण्याची तयारी सुरू होते. वाचतात ती जेमतेम दहा मिनिटे. लांब धावपट्टीचा खरा लाभ मुंबईच्या प्रवाशाला वाढलेल्या आसनांतून मिळेल. वेळेतला लाभ दिल्लीसारख्या दूरच्या शहरी थेट जाणाऱ्यांना.