सर्व्हरचे कपाट

दहावीच्या निकालाच्या दिवशी मोबाइलवर बैठक क्रमांक टाकला की क्षणात गुण समोर येतात. हे गुण मोबाइलमध्ये नसतात. ते दूर कुठेतरी एका संगणकात साठवलेले असतात. मागेल त्याला माहिती पुरवणाऱ्या अशा संगणकाला सर्व्हर म्हणतात आणि पुष्कळ सर्व्हर जेथे ठेवतात त्या जागेला डेटा सेंटर. नवी मुंबईत ऐरोली, महापे या भागांत अशा अनेक इमारती आहेत.

सर्व्हर आपल्या संगणकासारखा टेबलावर मांडलेला नसतो. त्याला स्वतःचा पडदा नसतो. तो एका चपट्या पेटीसारखा असतो आणि उभ्या लोखंडी कपाटात आडवा सरकवलेला असतो. या कपाटाला रॅक म्हणतात. कपाटाच्या एका भागाला मराठीत खण म्हणतात; आपण घरी त्यालाच कप्पा म्हणतो.

रॅकची खरी गंमत त्याच्या मापात आहे. त्यात बसणाऱ्या उपकरणाची दर्शनी पट्टी 19 इंच रुंद असते. हे माप संगणकापेक्षाही जुने आहे. ते टेलिफोनच्या उपकरणांपासून चालत आले. उंची 'यू' या एककात मोजतात. एक यू म्हणजे 1.75 इंच. नेहमीचा रॅक 42 यू उंचीचा असतो. गुणाकार करून पाहा, साडेत्र्याहत्तर इंच येतील, म्हणजे सहा फुटांहून थोडे जास्त! माप ठरलेले असल्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकाच रॅकमध्ये बसतात. जड उपकरणे तळाशी ठेवतात, नाहीतर रॅक कलंडण्याची भीती असते.

रॅकमध्ये सर्व्हरशिवाय आणखीही काही असते. स्विच सर्व्हरांना एकमेकांशी जोडतो आणि आलेली माहिती योग्य ठिकाणी पाठवतो. बाहेरून आलेल्या तारा पॅच पॅनेलवर ओळीने बसवतात. मागच्या बाजूला पीडीयू नावाची लांब पट्टी असते. ती आपल्या घरच्या एक्स्टेन्शन बोर्डाची थोरली बहीणच समजा.

सर्व्हर फार तापतो. तो पुढून थंड हवा घेतो आणि मागून गरम हवा सोडतो. म्हणून रॅकच्या रांगा समोरासमोर तोंड करून मांडतात. त्यामुळे एक गल्ली थंड राहते, तर पुढची गरम. रिकाम्या खणावर साधी झाकणपट्टी लावतात. ती नसेल तर गरम हवा त्या फटीतून पुढे येते आणि सर्व्हर तीच पुन्हा आत ओढतो. पट्टी क्षुल्लक, पण काम केवढे!

वीज गेली तर काय? यूपीएसमधील बॅटऱ्या लगेच वीज पुरवू लागतात आणि तेवढ्यात जनरेटर सुरू होतो. अनेक सर्व्हरांना दोन वेगवेगळ्या मार्गांनी वीज देतात. एक मार्ग बंद पडला तरी दुसरा चालू राहतो.

पण इमारतच गेली तर? 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समधील स्त्रासबूर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक पाच मजली इमारत पूर्ण जळाली. सुदैवाने कोणी दगावले नाही. मात्र अनेक संकेतस्थळे एकाएकी बंद पडली. माहितीच्या जादा प्रतीला बॅकअप म्हणतात. ज्यांचा बॅकअप दुसऱ्या शहरात होता, त्यांना आपली माहिती परत मिळवता आली. ज्यांची मूळ माहिती आणि प्रत दोन्ही तेथेच जळाली, त्यांची माहिती कायमची गेली.