खोक्याला आधार

मुलांनो, बारवी धरण तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या परिसराला पाणी पुरवणारे हे धरण महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे आहे. एका रविवारी आम्ही भाच्याच्या गाडीतून तिकडे निघालो.

भाच्याने उल्हासनगरहून प्लायवूड आणून सबवूफरचे खोके स्वतः बनवले होते. सबवूफर म्हणजे फक्त खर्जातले आवाज काढणारा मोठा स्पीकर. बदलापूर मागे पडताच त्याने हौसेने गाणे लावले. पण ढोलाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मागून घरघर ऐकू येऊ लागली. भाचा हिरमुसला.

"मामूजान, स्पीकरच खराब निघाला. चार महिन्यांची बचत वाया गेली!"

धरणाजवळ गाडी थांबल्यावर मी म्हणालो, "बेटा, आधी खोक्यावर हात ठेवून बघ."

सर्वांत रुंद फळी मधोमध थरथरत होती. कडेला थरथर जवळजवळ नव्हती. फळी मध्ये दाबून धरताच घरघर थांबली. दोष स्पीकरचा नव्हता!

असे का होते? स्पीकरचा पडदा मागेपुढे हलतो, तेव्हा खोक्यातील हवेचा दाब सारखा कमीजास्त होतो. हा दाब सर्व फळ्यांवर पडतो. कडांना फळी दुसऱ्या फळ्यांशी जोडलेली असते. मध्ये तिला आधार नसतो. म्हणून ती तेथे वाकते आणि स्वतःच आवाज करू लागते.

एक प्रयोग करा. प्लास्टिकची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून 20 सेंटीमीटर बाहेर ठेवा आणि टोकाला खोडरबर टांगा. मग ती 10 सेंटीमीटरच बाहेर ठेवा. तेवढ्याच वजनाने ती आता सुमारे एक अष्टमांशच वाकेल. आधार जवळ आला की ताठपणा असा झपाट्याने वाढतो.

घरी आल्यावर भाच्याने स्पीकर काढला आणि त्या भोकातून हात घालून समोरासमोरच्या दोन फळ्यांमध्ये लाकडाची दांडी गोंद व स्क्रूने पक्की बसवली. दांडी नेमक्या मापाची हवी. सैल राहिली तर तीच वाजते. ती अगदी मधोमध न लावता थोडी बाजूला लावावी, म्हणजे फळीचे दोन्ही भाग एकाच सुरात थरथरत नाहीत. स्पीकरच्या मागची हवा मात्र अडता कामा नये.

पुढच्या फेरीत ढोल स्वच्छ वाजला. धरण जवळ येताच भाच्याने आपणहून गाणे बंद केले. तेथे पाखरांचा आवाज ऐकायचा होता.