पॅकेज हरवले कोठे?

जावा भाषेतील आज्ञावली कमांड लाइनवरून कंपाइल करावयास बसलेल्या विद्यार्थ्यास पहिल्या काही दिवसांतच एक ठराविक उत्तर मिळते : ‘एरर : पॅकेज ऑर्ग.जेयुनिट डझ नॉट एक्झिस्ट.’ म्हणजे ऑर्ग.जेयुनिट या नावाचे पॅकेजच अस्तित्वात नाही. हे विधान वाचून तो बुचकळ्यात पडतो. शिक्षकांनी दिलेली आज्ञावली त्याने अक्षर न् अक्षर पाहून उतरविलेली असते. शेजारच्या मित्राच्या यंत्रावर तीच बिनतक्रार चालते. मग तो इम्पोर्टची ओळ पुसून पुन्हा लिहितो, बरोबर असलेल्या ओळींत भलतेच फेरफार करतो, अखेर जावाच काढून टाकून नव्याने बसवितो. दोन तास जातात आणि उत्तर तेच येते. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी असे घडले, तर त्या दोन तासांचे मोल काय हे सांगावयास नको.

वास्तविक कंपायलरचे हे वाक्य थोडे अतिशयोक्तीचे आहे. जगात ते पॅकेज आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. त्याला म्हणावयाचे असते ते इतकेच, की ‘जेथे शोधावयास सांगितले होते, तेथे ते मिळाले नाही.’ तेव्हा दोष बहुधा आज्ञावलीच्या मजकुरात नसतो, शोधण्याच्या ठिकाणात असतो. एवढी गोष्ट ध्यानी धरली, की पुसापुशीची निम्मी दगदग वाचते.

गैरसमजाचे मूळ ‘इम्पोर्ट’ या शब्दात आहे. इम्पोर्ट म्हणजे आयात, यास्तव ती ओळ लिहिली की हवी ती वस्तू कोठून तरी आणली जाते, असे वाटणे साहजिक आहे. जावाची इम्पोर्टची ओळ मात्र काहीच आणीत नाही. पुढे लांबलचक पूर्ण नाव न लिहिता नुसते आखूड नाव लिहिले तरी चालावे, एवढीच ती सोय. वस्तू आधीच हाताशी असली पाहिजे. ती कोठे आहे हे सांगण्याची जागा निराळी; तिला क्लासपाथ म्हणतात. कमांडमध्ये ‘-सीपी’ ही खूण लिहून तिच्यापुढे ठिकाणांची नावे दिली, की तो क्लासपाथ होतो. कोणी काहीच सांगितले नाही, तर कंपायलर जावाचा स्वतःचा साठा पाहतो आणि त्याखेरीज फक्त चालू फोल्डर पाहतो. जेयुनिट हा चाचण्या घेण्याचा संच जावाच्या साठ्यात नाही. तो वेगळ्या जार फाइलीत मिळतो. जार म्हणजे झिपच्याच पद्धतीने बांधलेले गाठोडे होय.

आता पॅकेजचे नाव व फोल्डर यांचे नाते पाहू. पाकिटावर पत्ता लिहिताना आधी माणसाचे नाव, मग घर, गल्ली, गाव आणि शेवटी जिल्हा येतो. पॅकेजचा पत्ता याच्या उलट, मोठ्याकडून लहानाकडे जातो. ‘हिशोब.कर’ या नावाचा अर्थ हिशोब या फोल्डरात कर हा फोल्डर, असा घ्यावयाचा. शोध जेथून सुरू व्हावयाचा, ते ठिकाण हिशोब या फोल्डरच्या बाहेरचे हवे, आतले नव्हे. येथेच पुष्कळांची गल्लत होते. विद्यार्थी हिशोब फोल्डरातील व्याज या फोल्डरात जाऊन बसतो, तेथील फाइल कंपाइल करतो, आणि हिशोब.कर हे पॅकेज नाही असे उत्तर आले की चकित होतो. कारण ते फोल्डर तर शेजारीच आहे! परंतु कंपायलर व्याजच्या आत उभा राहून ‘हिशोब’ नावाचे दार शोधीत असतो, आणि आपण ज्या घरात उभे आहोत त्या घराचे दार आतल्या खोलीत कसे सापडावे? दोन पायऱ्या वर येऊन, हिशोब जेथून दिसतो तेथून कमांड दिली, की काम होते. रोमन लिपीतील मोठे व लहान अक्षर जावाच्या दृष्टीने वेगळे असते, तेही एकदा ताडून पाहावे.

जेयुनिटकडे परत वळू. समजा, व्याज.जावा व व्याजचाचणी.जावा या दोन फाइली एकाच फोल्डरात आहेत, दोन्हींत पॅकेजची ओळ नाही, आणि जार फाइल लिब या पोटफोल्डरात आहे. विद्यार्थी लिहितो : ‘जावासी -सीपी लिब/जेयुनिट-४.१३.२.जार व्याजचाचणी.जावा’. जेयुनिटची तक्रार मिटते. पण लगेच ‘कॅनॉट फाइंड सिंबल’ अशी दुसरी उभी राहते, आणि या वेळी न सापडलेली वस्तू म्हणजे त्याने स्वतः लिहिलेला व्याज हा क्लास! रोग बरा होण्याऐवजी वाढला असे त्याला वाटते. घडलेले असते ते एवढेच, की -सीपी लिहिताच चालू फोल्डर पाहण्याची मूळची व्यवस्था रद्द होते. जे सांगितले तेवढेच कंपायलर पाहतो. म्हणून चालू फोल्डरही स्पष्ट सांगावा लागतो, आणि त्याची खूण म्हणजे एक टिंब : ‘-सीपी .:लिब/जेयुनिट-४.१३.२.जार’. एका टिंबाने इतका घोटाळा व्हावा हे चमत्कारिक खरे, पण व्यवहारात हाच सर्वांत अधिक आढळतो. यंत्रावर क्लासपाथ नावाचे चल पूर्वी कोणी ठरवून ठेवले असेल, तरीही तोच परिणाम होतो. आणि कमांडमध्ये -सीपी असली, तर त्या चलाकडे कोणी पाहतच नाही.

दोन ठिकाणांच्या मध्ये लिनक्स व मॅकवर अपूर्णविराम लागतो, विंडोजवर अर्धविराम. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापुढे अपूर्णविराम असतोच, त्यामुळे तो येथे वापरता येत नाही. उलट लिनक्सवर उघडा अर्धविराम लिहिला, तर शेल तेथेच कमांड संपली असे समजते आणि पुढचा भाग वेगळी कमांड म्हणून चालवू पाहते. जार पुष्कळ असतील, तर २००६ साली आलेल्या जावाच्या सहाव्या आवृत्तीपासून ‘लिब/*’ असे लिहिण्याची सोय आहे. मात्र ते अवतरणचिन्हांत लिहावे, नाहीतर तारकेचा अर्थ शेल स्वतःच लावून मोकळे होते. या तारकेने त्या फोल्डरातील जार तेवढे घेतले जातात, पोटफोल्डर नाहीत.

इतके करूनही उत्तर तेच आले, तर तर्क लढवीत बसण्यापेक्षा यंत्रालाच विचारावे. ‘जावासी -व्हर्बोज’ लिहिले, की कंपायलर कोठकोठे शोधीत आहे ती यादी छापतो. ‘जार टीएफ’ आणि पुढे फाइलीचे नाव लिहिले, की गाठोड्यात काय बांधले आहे ते दिसते.

कधी कधी मात्र पॅकेज खरोखरच नाहीसे झालेले असते. जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड हे त्याचे ठळक उदाहरण. ते सहाव्या आवृत्तीपासून जावाबरोबरच मिळत असे. २०१७ सालच्या नवव्या आवृत्तीत ते त्याज्य ठरविण्यात आले, आणि २०१८ सालच्या अकराव्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आले. वर्षानुवर्षे चालणाऱ्या आज्ञावल्या, एकही अक्षर न बदलता, नव्या यंत्रावर अडल्या. यावर उपाय म्हणजे ते पॅकेज असलेली जार वेगळी आणून क्लासपाथात घालणे. परंतु येथे ‘सर्वांत नवी ती सर्वांत चांगली’ हा हिशेब फसतो. ओरॅकल कंपनीने हा संच एक्लिप्स फाउंडेशनच्या हवाली केल्यावर जुने नाव पुढे चालविता आले नाही, आणि जकार्ता.एक्सएमएल.बाइंड असे नवे नाव आले. जकार्ता या नावाखाली निघालेल्या जारच्या २.३ मालिकेत आतील पॅकेजचे नाव जुनेच आहे, ३.० पासून ते बदललेले आहे. जुनी आज्ञावली असेल, तर नवी जार आणून तक्रार जशीच्या तशी राहते.

जार आणावयाची तीही कोठून, हा प्रश्न घाईत कोणी विचारीत नाही. एखाद्या अनोळखी ठिकाणाहून ती उतरवून घेतली जाते, किंवा मित्राच्या पेनड्राइव्हवरून येते. जार म्हणजे चालणारी आज्ञावली होय. ती वापरणाऱ्याच्या अधिकारानिशी त्याच्या यंत्रावर काम करते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या संचात एक गंभीर छिद्र उघडकीस आले. दूरच्या माणसाने पाठविलेला मजकूर नुसता नोंदविला गेला, तरी त्याची आज्ञावली सर्व्हरवर चालू शकत असे. दुसऱ्या मालिकेतील २.१४.१ पर्यंतच्या आवृत्त्या या फेऱ्यात सापडल्या. दुरुस्त आवृत्ती लवकरच निघाली, पण आपल्याकडे ती जार कोठे व कोणत्या आवृत्तीची आहे हेच असंख्य ठिकाणी शोधावे लागले. मेव्हनसारखी साधने याकरिता उपयोगी पडतात. संचाचा गट, नाव व आवृत्ती एका फाइलीत लिहावयाची. साधन ती जार ठरलेल्या भांडारातून आणते व क्लासपाथही बांधते. तेथेही जेयुनिट ‘टेस्ट’ या मर्यादेत नोंदवून चाचणीची फाइल मुख्य आज्ञावलीच्या फोल्डरात ठेवली, तर पॅकेज नाही हीच तक्रार येते. फाइल चाचण्यांच्या फोल्डरात हलविली की मिटते.

कंपाइल झाले म्हणजे संपले असेही नव्हे. चालविताना जावा पुन्हा नव्याने शोध घेते. कंपायलरला दिलेला पत्ता तिला ठाऊक नसतो. शिवाय जेयुनिट ४.१३.२ ला चालताना हॅमक्रेस्ट नावाची दुसरी जार लागते, आणि ती नसली तर ऑर्ग/हॅमक्रेस्ट/सेल्फडिस्क्रायबिंग या नावाची ‘नो क्लास डेफ फाउंड’ तक्रार येते. तेव्हा पूर्ण कमांड अशी होते : ‘जावा -सीपी .:लिब/जेयुनिट-४.१३.२.जार:लिब/हॅमक्रेस्ट-कोर-१.३.जार ऑर्ग.जेयुनिट.रनर.जेयुनिटकोर व्याजचाचणी’. चाचणी बरोबर असेल, तर पडद्यावर ‘ओके’ आणि कंसात चाचण्यांची संख्या उमटते.