ट्रकचा दुभाष्या

माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत इंडियाना राज्यात राहतो. गेल्या वर्षी त्याने फोनवरून मला एक कोडे घातले. त्याच्या शेजारच्या गृहस्थांचा स्वतःचा मालवाहू ट्रक आहे. ट्रक १९९७ सालचा, इंजिन डेट्रॉइट डिझेल कंपनीचे ‘सिरीज ६०’. एके दिवशी घराजवळ पोचता पोचता तेलाच्या दाबाचा धोक्याचा दिवा लागला. पट्टी घालून पाहिली, तर तेल पुरेसे होते. आता दिवा खरे बोलत असेल तर इंजिन पुन्हा चालू करणे म्हणजे बेअरिंगांची होळी, आणि खोटे बोलत असेल तर ट्रक ओढून कारखान्यात नेण्याचा खर्च व्यर्थ.

गृहस्थांनी मोटारगाड्यांसाठी मिळतो तसला एक स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर मागवला. त्याचा प्लग ट्रकला बसेना, म्हणून जोडवायरही आणली. स्कॅनरचा दिवा लागला, फोनशी तो जुळलाही, पण फोनच्या पडद्यावर एकही आकडा उमटेना. “सर, वीज पोचते आहे, फोन जुळला आहे, मग अडले कोठे?”

अडले ते भाषेपाशी. ते कसे, हे आपण पाहू.

पूर्वीच्या डिझेल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला किती तेल द्यायचे हे यांत्रिक पंप ठरवीत असे. आपल्याकडे असे कितीतरी जुने ट्रक अजून धावताना दिसतात. त्यांना स्कॅनर जोडायला जागाच नसते. तेथे मिस्त्रीचा कान हाच स्कॅनर! सिरीज ६० हे इंजिन १९८७ साली बाजारात आले ते मात्र आपला छोटा संगणक बरोबर घेऊनच. इंजिनावर बसवलेले संवेदक तेलाचा दाब, पाण्याचे तापमान, फेऱ्यांची गती असे सारे काही विद्युत्दाबाच्या रूपात या संगणकाला कळवतात. संगणक ती माहिती दोन तारांवरून आकड्यांच्या रूपात सतत सांगत असतो. ते बोलणे ऐकून आपल्याला समजेल असे करून देणारा दुभाष्या म्हणजे स्कॅनर. फोन हा केवळ त्याचा पडदा.

परंतु दुभाष्याला ती भाषा यायला हवी ना? १९९७ सालचा हा ट्रक ‘जे-१७०८’ नावाच्या मानकाप्रमाणे बोलतो. त्याचा वेग सेकंदाला ९६०० बिट, आणि शब्दांचे अर्थ ‘जे-१५८७’ या दुसऱ्या मानकाने ठरवून दिलेले. पुढे ‘जे-१९३९’ ही नवी भाषा आली. ती जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेल्या ‘कॅन’ या पद्धतीवर आधारलेली असून तिचा मूळ वेग सेकंदाला २,५०,००० बिट आहे. मोटारगाड्यांचे स्वस्त स्कॅनर बहुधा ईएलएम-३२७ नावाच्या चिपवर, किंवा खरे तर तिच्या नकलेवर, चालतात. अस्सल चिपच्या नंतरच्या आवृत्त्यांना जे-१९३९ येत असे, नकलांचा मात्र भरवसा नाही. आणि जे-१७०८ तर अस्सल चिपलाही येत नव्हती. शेजाऱ्यांच्या जोडवायरीने वीज पोचवली, म्हणून दिवा लागला. पण दुभाष्याच बहिरा होता.

आता एक प्रत्यक्ष वाक्य वाचून पाहू. समजा, तारांवर पुढील चार आकडे आले:

१२८, ११०, १८५, ८९

१२८ म्हणजे ‘मी इंजिन बोलतो आहे’. ११० म्हणजे ‘पाण्याच्या तापमानाविषयी’. १८५ हे ते तापमान, फॅरनहाइट अंशांत, म्हणजे ८५ अंश सेल्सिअस. मग ८९ कशासाठी? चारही आकड्यांची बेरीज करून पाहा. ती ५१२ येते, म्हणजे २५६ ची बरोबर दुप्पट. शेवटचा आकडा नेहमी असा निवडतात, की सगळ्यांच्या बेरजेला २५६ ने पूर्ण भाग जावा. वाटेत एखादा बिट बिघडला तर बेरीज चुकते आणि ऐकणारा ते वाक्य टाकून देतो. वाण्याने यादीखाली बेरीज लिहावी तशीच ही युक्ती. प्रत्येक आकड्याला आरंभीचा व शेवटचा धरून १० बिट लागतात, तेव्हा हे सारे वाक्य ४० बिटांचे. ९६०० च्या वेगाने ते बोलायला सुमारे ४ मिलिसेकंद पुरतात.

नव्या भाषेतही पाण्याच्या तापमानाचा क्रमांक ११० च ठेवला आहे. गंमत अशी की मोजण्याची रीत मात्र बदलली. तेथे अंश सेल्सिअस, आणि शून्याखालचे तापमानही सांगता यावे म्हणून आकड्यातून ४० वजा करायचे. तेच ८५ अंश तेथे १२५ या आकड्याने सांगतात. आता १८५ हा जुना आकडा कोणी नव्या रीतीने वाचला तर? उत्तर येईल १४५ अंश सेल्सिअस, आणि मालक धावतपळत बॉनेट उघडील! म्हणून ‘सर्व ट्रकांना चालतो’ एवढ्या शब्दांवर भिस्त ठेवू नये. वेष्टनावर जे-१७०८ आणि जे-१५८७ ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत का, हे पाहावे. २००० सालाच्या सुमारच्या पुष्कळ अमेरिकी ट्रकांत दोन्ही भाषा नांदतात. तेथे दोन्ही येणारा स्कॅनर घेणे शहाणपणाचे.

ट्रकचा सॉकेट पाहूनही अंदाज येतो. गोल आणि ६ टोकांचा असेल तर ट्रक जुन्या भाषेचा. गोल, काळा, ९ टोकांचा असेल तर सहसा दोन्ही भाषांच्या तारा त्यात आणलेल्या असतात. हिरवा असेल तर नवी भाषा दुप्पट वेगाने, म्हणजे ५,००,००० बिटांनी बोलली जाते. काळ्या सॉकेटचा प्लग हिरव्यात बसतच नाही. ती खोड मुद्दाम घातली आहे, कारण चुकीच्या वेगाचे उपकरण सगळ्यांचेच बोलणे बिघडवू शकते.

दोन्ही भाषांना तारा दोनच का लागतात आणि त्या पिळलेल्या का असतात? संदेश एका तारेच्या विद्युत्दाबात नसून दोन तारांमधील फरकात असतो. भरती आली की शेजारी नांगरलेल्या दोन होड्या सारख्याच उचलल्या जातात, त्यांच्या उंचीतला फरक बदलत नाही. तसेच इंजिनाजवळच्या विद्युत् गोंगाटाने दोन्ही तारांचा दाब जवळजवळ सारखाच वरखाली होतो आणि फरक शाबूत राहतो. कॅनच्या तारांना दोन टोकांशी १२० ओहमचा एकेक रोध जोडलेला असतो. वीज बंद करून ९ टोकांच्या सॉकेटमधील ‘सी’ आणि ‘डी’ या टोकांमध्ये मीटर लावला तर किती रोध दिसेल? समांतर जोडणीचे सूत्र वापरा. ६० ओहम! मीटरने १२० दाखवले, तर एका टोकाचा रोध किंवा वाटेतली तार तुटली आहे असे समजावे. ही तपासणी विद्यार्थ्यालाही जमेल.

फोनविषयी थोडक्यात. अँड्रॉइड फोनला जुन्या पद्धतीचे ब्लूटूथ चालते. आयफोनला मात्र बहुधा ‘लो एनर्जी’ ब्लूटूथ किंवा वायफाय असलेला स्कॅनर लागतो.

विजेचा मुद्दा आपल्या देशात अधिक महत्त्वाचा आहे. अमेरिकी ट्रक १२ व्होल्टवर चालतात, आपल्याकडच्या अनेक अवजड ट्रकांत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट घेतात, आणि इंजिन चालू असताना हा दाब २८ पर्यंत चढतो. स्कॅनरच्या आतल्या चिपला हवे असतात ५ व्होल्ट. साध्या रचनेत उरलेला दाब उष्णतेच्या रूपात जाळून टाकतात. प्रवाह ५० मिलिअँपिअर धरला, तर मोटारीत (१४ − ५) × ०.०५ = ०.४५ वॅट, पण आपल्या ट्रकमध्ये (२८ − ५) × ०.०५ = १.१५ वॅट. आगपेटीएवढ्या बंद डबीत अडीचपट उष्णता! म्हणून ३२ व्होल्टपर्यंत चालेल असे लिहिलेलाच स्कॅनर घ्यावा.

आता पुन्हा त्या लाल दिव्याकडे वळू. बिघाडाची नोंद दोन आकड्यांत होते: कशाविषयी आणि कशा प्रकारचा. तेलाच्या दाबाचा क्रमांक १००. त्यापुढे १ असेल तर अर्थ असा, की संवेदक ठीक आहे आणि दाब खरोखरच कमी आहे. इंजिनाला हात लावू नका. पुढे ४ असेल तर संवेदकाकडून येणारा विद्युत्दाबच असावा त्याहून खाली आहे. संगणकाला हा भेद कसा कळतो? असे संवेदक सर्वसाधारणपणे शून्य दाबालाही अर्धा व्होल्ट देतात, आणि कमाल दाबाला साडेचार. तेव्हा शून्य व्होल्ट हे तेलाचे उत्तर असूच शकत नाही. तार कोठेतरी लोखंडाला टेकली आहे, असा त्याचा अर्थ.

शेजाऱ्यांनी पुढे जे-१७०८ जाणणारा, ६ टोकांचा स्कॅनर मिळवला. किल्ली फिरवून, इंजिन मात्र चालू न करता, फोनमध्ये पाहिले. नोंद होती १०० आणि ४. पुसून टाकण्याचे बटणही तेथेच होते, पण त्यांनी ते दाबले नाही हे बरे केले. नोंद पुसल्याने तार थोडीच जोडली जाते! टॉर्च घेऊन ते वायरीच्या जुडग्यामागे लागले. एका पत्र्याच्या कडेवर घासून संवेदकाच्या तारेचे वेष्टन गेले होते आणि आतले तांबे पत्र्याला टेकले होते. तेथे नवी तार जोडून, वर नळी चढवून त्यांनी इंजिन चालू केले, तेव्हा माझा विद्यार्थी फोन हातात धरून १०० क्रमांकाचा आकडा वर चढताना पाहत उभा होता.