इंग्रजी शब्दांतील आघात

व्याकरण निर्दोष, शब्दसंग्रह विपुल, आणि तरीही इंग्रजीत दूरध्वनीवर बोलताना पलीकडचे गृहस्थ 'पुन्हा सांगा' म्हणतात, असा अनुभव आपणांपैकी पुष्कळांना आला असेल. अशा वेळी मनुष्य खट्टू होतो आणि पुढे बोलावयासच कचरतो. वास्तविक उणीव बहुधा आघाताची असते.

मराठीत प्रत्येक अक्षराला त्याचे माप मिळते. ऱ्हस्वदीर्घ सांभाळले की बहुतेक काम झाले. इंग्रजीची रीत निराळी. तेथे शब्दातील एका अवयवावर जोर पडतो व शेजारचे अवयव दबतात. त्यांतील स्वर पुष्कळदा आपल्या ओझरत्या 'अ'सारखा होतो. ऐकणारा शब्द ओळखतो तो बव्हंशी या चढउतारावरून.

प्रथम अवयव मोजावेत. लिहिलेली अक्षरे सोडून ऐकू येणारे स्वर मोजावयाचे. जितके स्वर तितके अवयव. 'स्ट्रेंग्थ' या शब्दात रोमन अक्षरे ८, पण स्वर एक, म्हणून अवयवही एकच. 'एज्युकेशन'चे मात्र चार: ए-ज्यु-के-शन.

मग आघात शोधावा. त्याची किल्ली पुष्कळदा शब्दाच्या शेवटी सापडते. 'शन', 'इक', 'इटी' हे प्रत्यय असले, की आघात सामान्यतः त्यांच्या लगतच्या आधीच्या अवयवावर पडतो. 'एज्युकेशन'मध्ये तो 'के'वर आहे. 'इलेक्ट्रिक'मध्ये 'लेक्'वर असलेला आघात 'इलेक्ट्रिसिटी'त 'ट्रि'वर सरकतो. 'फोटोग्राफ'मध्ये तो पहिल्या अवयवावर, 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर. 'फोटोग्राफी'त दुसऱ्यावर आल्यामुळे उच्चारच 'फटॉग्रफी' असा होतो.

अपवाद आहेतच. 'अ‍ॅरबिक'मध्ये आघात पहिल्या अवयवावर पडतो. शंका येताच कोश उघडावा. डॅनियल जोन्स यांचा प्रसिद्ध उच्चारकोश १९१७ साली निघाला. तशा कोशांत आघात असलेल्या अवयवाच्या आधी, किंचित वर, एक लहान उभी रेघ असते.

'कमिटी', 'हॉटेल' हे शब्द मराठीने आपलेसे केले आहेत. मराठीत ते मराठी वळणानेच बोलावेत, त्यात संकोच कसला? इंग्रजी बोलताना मात्र 'मि'वर आणि 'टेल'वर जोर द्यावा. उद्याच्या इंग्रजी वृत्तपत्रातून पाच लांब शब्द निवडा, अवयव मोजा, आघात शोधा आणि मोठ्याने म्हणा. ऐकणाऱ्याचे श्रम वाचविणे हेही एक सौजन्यच आहे.