शिकाऊ हातांची कवळी

गावात दातांचं शिबिर लागलं की एक प्रश्न आम्हाला हमखास ऐकू येतो. "कॉलेजात कवळी करायची म्हणजे शिकाऊ पोरं-पोरी आमच्या तोंडात हात साफ करून घेणार ना?" प्रश्न रास्त आहे. आम्हीच दंत महाविद्यालयात शिकतो, तेव्हा उत्तरही आम्हीच द्यायला हवं.

बारावी सायन्सनंतर नीटची परीक्षा देऊन बीडीएसला प्रवेश मिळतो. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. गेलेल्या दातांच्या जागी नवे दात बसवण्याच्या शास्त्राला प्रॉस्थोडॉन्टिक्स म्हणतात. त्यातच तज्ज्ञ व्हायचं तर पुढे तीन वर्षांचं एमडीएस करावं लागतं.

पहिल्या वर्षी आम्हाला माणसाच्या तोंडाजवळही जाऊ देत नाहीत. मेणाचा ठोकळा आणि कोरणी हातात देतात आणि सांगतात, यातून दाढ कोरा. उंचवटा थोडा चुकला की पुन्हा नवा ठोकळा. मग प्लास्टरच्या जबड्यावर मेणात दात लावायला शिकवतात. वरचे चौदा, खालचे चौदा. वरची दाढ खालच्या दाढीवर नीट बसेपर्यंत सर-मॅडम पुढे जाऊ देत नाहीत. हे सगळं झाल्यावर तिसऱ्या वर्षी आम्ही दवाखान्यात रुग्णासमोर उभ्या राहतो, तेही शिक्षकांच्या देखरेखीखाली. प्रत्येक पायरी त्यांनी तपासल्यावरच पुढची सुरू होते. म्हणून कॉलेजात वेळ जास्त लागतो.

आता पूर्ण कवळीला एवढे हेलपाटे का, ते सांगतो.

पहिल्या खेपेला तोंड तपासून, गरम पाण्यात मऊ केलेल्या मसाल्यानं हिरड्यांचं माप घेतात. या मापावरून फक्त तुमच्या जबड्याच्या आकाराचा साचा बनतो.

दुसऱ्या खेपेला त्या साच्यानं बारीक माप घेतात. तेव्हा "जीभ बाहेर काढा, गाल हलवा" असं सांगतात. बोलताना, गिळताना गाल-जीभ कुठपर्यंत येतात ते कळलं नाही, तर कवळी उचकटते. या मापाच्या लगद्याला लवंगेच्या तेलाचा वास येतो. घाबरू नका.

तिसऱ्या खेपेला मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून दोन्ही जबड्यांतलं अंतर ठरवतात. "म, म" म्हणायला लावतात, कारण म म्हणताना ओठ सहज मिटतात आणि जबडा सैल राहतो. अंतर जास्त धरलं तर बोलताना दात खटखट वाजतात. कमी धरलं तर गाल बसलेले दिसतात.

चौथ्या खेपेला मेणात लावलेले दात तोंडात बसवून आरसा हातात देतात. मैत्रिणींनो, इथे गप्प बसू नका. दात फार पांढरे वाटले, पुढे आले, हसताना बरं दिसत नाही, असं काहीही वाटलं तरी तेव्हाच सांगा. मेणात दात हलवता येतो. एकदा अ‍ॅक्रिलिक शिजून घट्ट झालं की तो बदल अवघड.

पाचव्या खेपेला कवळी मिळते. पुष्कळ जणींचं घोडं अडतं ते इथून पुढे. दोन दिवसांत हिरडी कुठेतरी टोचते, फोड येतो. मग कवळी डब्यात जाते आणि आजी पुन्हा दुधात कुस्करलेल्या भाकरीवर येतात. खरं तर नवी कवळी टोचणं हे नव्या चपलेसारखं आहे. ती घासून बेताची करायची असते, म्हणून दुसऱ्या दिवशी आणि नंतरही तपासणीला बोलावतात. घरी कानशीनं घासू नका. येताना काही तास कवळी घालून या, म्हणजे लाल झालेली जागा आम्हाला दिसते.

खालची कवळी वरच्यापेक्षा जास्त हलते. दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजतं, आणि खालचं जास्त झिजतं. काही आठवड्यांत जीभ आणि गाल तिला धरायला शिकतात. सुरुवातीला मऊ भात, खिचडी, छोटे घास. दोन्ही बाजूंनी चावा. रोज थोडं मोठ्यानं वाचा किंवा ओव्या म्हणा, बोलणं सुधारतं.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा. उकळतं पाणी नको, तिचा आकार बिघडतो. धुताना खाली पाण्याचं घमेलं ठेवा, हातातून सुटली तरी फुटणार नाही. मिशरी मात्र सोडाच. तिच्यातल्या तंबाखूनं हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. कवळी बसली तरी तो धोका टळत नाही.

बाजारात रस्त्याकडेला बसून तासाभरात दात चिकटवून देणाऱ्यांकडे जाऊ नका. ते शेजारच्या चांगल्या दातांना मसाला घट्ट चिकटवतात. त्याखाली अन्न अडकून हिरडी सुजते आणि चांगले दातही हलायला लागतात. कायद्यानुसार नोंदणी नसलेल्यांना दातांचे उपचार करता येत नाहीत.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खासगी दवाखान्यापेक्षा कमी खर्चात कवळी होते. जाताना बीपी-शुगरच्या गोळ्यांचे कागद आणि जुनी कवळी असेल तर तीही न्या. एसटीचं भाडं आणि बुडणारी मजुरी यांचा हिशेब गटाच्या बैठकीत आधीच मांडा. निदान सहा खेपा धरा. दोघी-तिघी मिळून गेलात तर सोबत होते आणि एकच तारीख मागता येते.

आम्ही शिकाऊ आहोत, हे खरंच. पण तुम्ही तपासणीला परत आलात तरच आमचं काय चुकलं ते आम्हाला कळतं आणि तुमची कवळी नीट बसते. तेव्हा सहावी खेप चुकवू नका, आणि ज्यांच्या घरी कवळी डब्यात पडून आहे, त्यांनी ती घेऊन पुन्हा या.