चकचकीत फरशी, दुखरे गुडघे

गोव्यात लग्नाचे सभागृह ठरवताना वातानुकूलन, वाहनतळ, जेवणाची सोय अशी सगळी चौकशी होते. बँड सुरू झाल्यावर पाहुणे ज्या जमिनीवर तीन-चार तास जोडीने नाचणार, तिच्याकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. बहुधा ती काँक्रीटवर बसवलेली चकचकीत विट्रिफाइड फरशी असते. दिसायला देखणी, पुसायला सोपी आणि नाचायला गैरसोयीची.

काँक्रीट दबत नाही. पाऊल पडले की आघात परतून घोट्यावर, गुडघ्यावर येतो. एका गाण्यात ते कळत नाही. रात्रभर नाचलेल्याला, त्यातही पन्नाशी उलटलेल्याला, सकाळी कळते. शिवाय गुळगुळीत फरशीवर पेयाचे चार थेंब सांडले तरी पाय निसटतो. मात्र म्हणून रबरी आच्छादन घालणे हा उपाय नव्हे. वॉल्ट्झच्या गिरकीत शरीर वळते, बूट जागीच चिकटून राहतो आणि सारा पीळ गुडघ्याला बसतो. पाय सरकावा, पण निसटू नये, एवढीच घसरण हवी.

हे गुण लवचीक लाकडी जमिनीत साधतात. इंग्लंडमधील ब्लॅकपूल टॉवरच्या प्रसिद्ध नृत्यदालनाची जमीन महोगनी, ओक आणि अक्रोडाच्या ३०,६०२ ठोकळ्यांची आहे. इतका थाट आवश्यक नाही. काँक्रीटवर ओल रोखणारे प्लास्टिक, त्यावर रबराच्या किंवा फोमच्या गाद्या, मग सांधे एकावर एक येणार नाहीत असे प्लायवूडचे दोन थर आणि वर लाकडी पृष्ठभाग, एवढ्याने काम भागते. क्रीडागृहांच्या युरोपीय मानकानुसार जमिनीने काँक्रीटच्या तुलनेत २५ ते ७५ टक्के आघात शोषावा लागतो. नृत्यगृहासाठीही हा अंदाज उपयोगी आहे.

आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्याची. दमट हवेत लाकूड फुगते. भिंतीलगत फट न सोडल्यास मधला भाग उचलला जातो. वाळवीचा बंदोबस्त तर आधीच करायला हवा. संपूर्ण सभागृहाला लाकूड घालण्याचीही गरज नाही, मधला चौक पुरतो. फक्त त्याची कड भोवतालच्या फरशीशी समतल किंवा उतरती असावी, नाहीतर उंच टाच नेमकी तिथेच अडते.

लाकडावर अतिचकचकीत लेप नको, मंद झळाळीचा बरा. आणि घसरण वाढवण्यासाठी टाल्कम पावडर शिंपडण्याची जुनी सवय सोडलेली बरी. पावडर सर्वत्र सारखी पसरत नाही. एक पाऊल घट्ट बसते आणि पुढचे निसटते.